आपली जमीन कुठे आहे हे विचारू नये

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्र, फर्स्ट क्लास. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत हे आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगत फिरले नव्हते. पण गेल्या सात-आठ महिन्यांत जे झालं त्यात लोकांनी माझ्या शिक्षणाचा इतक्यांदा उद्धार केला, की वाचकांना ते कष्ट पडू नयेत म्हणून सुरुवातीलाच कबुली देते.

कणकवलीच्या पुढे कोळसुली नावाच्या गावात आमची एक एकर जमीन आहे. आमची म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गुणाजींची. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर भांडुपच्या एका कंपनीच्या गेटवर बसले आणि गेली पंधरा वर्षं आमच्या हॉलमधल्या खिडकीशी बसलेत. जमिनीवर त्यांचा पाय बावीस वर्षांत पडलेला नाही. त्यामुळे तिथे जमिनीवर रान माजत होतं आणि इथे बाबांच्या डोक्यात घर.

दिवाळी सरल्यावर एका रविवारी, ताटात मटणाचा रस्सा असताना, त्यांनी जाहीर केलं की रान साफ करून तिथे दोन खोल्या बांधायच्या, बाजूला भाजीपाला करायचा आणि आपण तिथेच जाऊन राहायचं. मुदतही दिली. "अक्षय्य तृतीयेक घराचो पयलो चिरो बसूक व्हयो. नाय बसलो, तर जमीन विकून टाकतलंय." गिऱ्हाईकही होतं म्हणे, कोणी एक हॉटेलवाला. बाबांनी सर्वेशकडे पाहिलं. सर्वेश म्हणजे माझा नवरा, तो विमा कंपनीत आहे. त्याने मोबाइलकडे पाहिलं आणि मार्च एंड असं काहीतरी पुटपुटला. तेव्हा नोव्हेंबर चालू होता.

आणि मी म्हटलं, "बाबा, मी करते."

हे शब्द माझ्या तोंडून का गेले याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दिशा झाल्यावर मी लॅबमधली नोकरी सोडली, तेव्हापासून आमच्या घरात माझी ओळख 'ती घरीच असते' एवढीच उरली आहे. सिलिंडर येणार आहे, ती घरीच असते. नळवाला कधीही येऊ दे, ती घरीच असते. एक एकर जंगल साफ करून दाखवलं, की निदान नळवाला तरी फोन करून येईल, असं काहीतरी मनात असावं. शिवाय दिशा. साडेचार वर्षांची झाली तरी माती पॅकेटमधून येते, नर्सरीत मिळते, अशी तिची ठाम समजूत होती, आणि ती चूक आहे हे दाखवायला माझ्याकडे मुलुंडमध्ये काही पुरावा नव्हता.

बाबांनी जबाबदारी माझ्यावर सोपवली आणि सोबत एक नियम सांगितला. "गावात गेल्यार आपली जमीन खय आसा, ता कोणाक इचारू नको. इचारलंस काय गेली समज."

मला हे आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. ज्या मालकाला स्वतःची जमीन कुठे आहे हे विचारावं लागतं, त्याला जमिनीची गरज नाही असा गावाचा निष्कर्ष असतो. दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगडांची हद्दीची भिंत, दरवर्षी वीतभर तुमच्या बाजूला चालायला लागतो. आमचा गडगा असाच एकदा दीड हात चालला होता. शेजारची जमीन बाबांच्या चुलतभावाची, भाऊंची. भाऊ आता दिंडोशीला मुलाकडे राहतात. गडगा बाबांच्या मते भाऊंनी सरकवला आणि भाऊंच्या मते बाबांनी, आणि त्यावरून दोघं बावीस वर्षं बोलत नाहीत. दीड हात म्हणजे किती, तर आमच्या बाल्कनीची रुंदी. पण मुलुंडमध्ये बाल्कनीवरून माणसं कोर्टात जातात, तेव्हा मी काही बोलले नाही.

गुडघ्यांमुळे बाबांना प्रवास झेपत नव्हता. त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर नकाशा काढून दिला. त्यात दाजींच्या दुकानाची पायरी, तुकारामाचा बैल बांधायची जागा आणि एक वाकलेला फणस होता. बैल बावीस वर्षं तिथेच उभा असेल का, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, बैल नसेल, पण जागा असेलच की. मी तो नकाशा मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून पाहिला, सरकारी नकाशाशी ताडून पाहिला, तिन्ही एकावर एक ठेवले आणि लाल गोल केला. फर्स्ट क्लास उगाच मिळत नाही.

तयारी कळताच सल्ले सुरू झाले. शेजारच्या शांताकाकू मूळच्या लातूरकडच्या, लहानपणी शेतात राबलेल्या. त्यांनी सांगितलं की रान हाताने काढत बसू नका, आडवा-उभा नांगर घाला. "आमच्याकडं एकदा नांगर फिरला की जमीन लोण्यावानी होती बघा." मी म्हटलं, काकू, तिथे जांभा दगड आहे. काकू म्हणाल्या, मग दोनदा फिरवा. तिसऱ्या मजल्यावरचा नितेश जागांची दलाली करतो. त्याने मला लिफ्टमध्ये अडवून ॲग्रो टुरिझम काढायला सांगितलं. हुरडा पार्टी ठेवा, वहिनी, पब्लिक तुटून पडेल. कोकणात हुरडा होत नाही असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, पब्लिकला कुठे माहितीये.

मी मात्र खऱ्या तयारीला लागले होते. प्रथमोपचाराची पेटी, उलटीच्या गोळ्या, विंचवाचं मलम, डासांची तीन प्रकारची औषधं आणि विषारी-बिनविषारी सापांचा लॅमिनेट केलेला तक्ता. दिशासाठी गुडघ्यापर्यंतचे पिवळे गमबूट घेतले. ते तिने दुकानात पायात घातले ते आजतागायत काढलेले नाहीत. झोपेत काढावे लागतात, तेही एकेक करून.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं कोळसुलीला गेलो. दाजींचं दुकान सापडलं, पायरी सापडली. बैल नव्हता. पण लाल गोलाच्या बरोबर मध्यावर वाकलेला फणस उभा होता आणि माझ्या अंगावर अभिमानाने काटा आला. बाकी सगळं रान होतं, माणूसभर उंच. त्याकडे बघून सर्वेश म्हणाला, "हे विकून टाकलं तर?" मी त्याला सापांचा तक्ता वाचायला दिला.

खंडू नावाचा गावातला माणूस चार गडी घेऊन कामाला आला. पन्नाशीचा, अंगाने वाळलेला, बोलणं मोजकं. त्याने एकदाच विचारलं, "वैनी, ह्योच जागो?" मला बाबांचा नियम आठवला. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, हीच, आमची पिढ्यान्‌पिढ्यांची. खंडूने फणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तंबाखूची पिंक टाकली आणि कोयता उचलला. त्या पिंकेचा अर्थ मी तेव्हा विचारायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सर्वेशला जोर चढला. त्याने खंडूकडून गवत कापायचं मशिन घेतलं आणि कुंपणाकडच्या वेलीवर चालवलं. वेलीला तपकिरी, मखमली शेंगा होत्या. मी लांबून ओरडून सांगितलं की ही म्युकुना प्रुरिएन्स असावी, शेंगकुळातली, औषधी असते. गडी भराभर लांब पळाले. मराठीत तिला खाजकुयली म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण परीक्षेत लॅटिन नाव विचारायचे.

पुढची पाच मिनिटं सर्वेशने जे केलं त्याला नाच म्हणणं बरोबर नाही, नाचाला थोडी शिस्त असते. खंडूच्या बायकोने ताजं शेण आणलं. खाजेवर शेण हाच उतारा, असं ती म्हणाली, आणि त्याला गळ्यापासून घोट्यापर्यंत लिंपलं. ते वाळायला उन्हात उभा असताना त्याच्या साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. दिशाने तो उचलला आणि पप्पा दाखवले. साहेबांनी पप्पांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाले, सर्वेश, मार्चचं टार्गेट आपण थोडं कमी करू.

प्रजासत्ताक दिनाला जोडून आम्ही दुसऱ्यांदा गेलो. तोवर गड्यांनी पाऊण रान काढलं होतं, पण मधोमध एक वाळलेला साग होता आणि तो तोडायला परवानगी लागते. मी सातबाऱ्याचा उतारा घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने उतारा वाचला. त्यावर झाडांची नोंद होती: आंबे दोन, फणस एक. त्याने जागेवर काय काय आहे ते विचारलं. मी बघून बघून यादीच केली होती, ती वाचली: फणस एक, काजू चार, साग एक. आंबा नाही. मग आंबे कुठे गेले, त्याने विचारलं. मी म्हटलं पडले असतील. पडल्याचा पंचनामा कुठाय? आणि हे चार काजू कुठून आले? मी म्हटलं, उगवले असतील. तो म्हणाला, "मॅडम, दोन आंबे गेले आणि चार काजू आले, ही जमीन आहे की जादूचा प्रयोग?"

आता वाटतं, तो माणूस मला देवासारखा भेटला होता. पण त्या क्षणी माझा अपमान झालेला असल्यामुळे मी त्याचं ऐकलं नाही. रात्री कुठल्या पाखराची शीळ आली, पाण्याच्या पिंपात किती अळ्या आहेत, दिशाने कुठलं पान तोंडात घातलं, हे सगळं मला दिसत होतं. आंबे नाहीत हेही दिसलं होतं. त्याचा अर्थ काय, एवढंच दिसलं नाही; मी साग तसाच उभा ठेवला आणि मुलुंडला परत आले.

परतल्यावर चार दिवसांत शाळेतून बोलावणं आलं. दिशाने बसच्या ताईंना 'मेल्या, बाजूक हो' असं सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता. मी म्हटलं, मराठीच. बाई म्हणाल्या, कोणती मराठी.

मार्चमध्ये रान संपलं. काजू, फणस आणि तो साग सोडून सगळी जागा लख्ख झाली. खरं तर बाबांचं म्हणणं होतं की आधी गाऱ्हाणं घालायचं आणि मगच कोयता लावायचा. गाऱ्हाणं म्हणजे जागेच्या देवापुढे नारळ ठेवून आपल्या भाषेत केलेली विनंती. आमच्याकडे त्याशिवाय पान तोडत नाहीत. पण मी म्हटलं होतं, बाबा, आधी नारळ ठेवण्याइतकी जागा तरी होऊ दे. आता जागा झाली होती. गाऱ्हाणं घालायचं तर घरच्या वडील माणसानेच, म्हणून बाबा मुलुंडहून व्हिडिओ कॉलवर आले. शांताकाकूंनी तिकडे मोबाइल धरला, इकडे मी. नारळ ठेवला, खंडू आणि गडी हात जोडून उभे राहिले, दिशा गमबुटांत उभी राहिली.

बाबांनी डोळे मिटून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, बारा राठीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. तिकडून शांताकाकूही म्हणाल्या.

"ज्या जाग्याच्या उगवतेक व्हाळ आसा, मावळतेक राखणदाराचो दगड आसा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एकटीच म्हटलं. खंडू आणि गडी गप्प होते.

बाबांनी डोळे उघडले. "व्हाळ दाखव गो." व्हाळ म्हणजे ओढा. मी मोबाइल पूर्वेला फिरवला. तिथे डांबरी रस्ता होता. रस्तो खयसून ईलो, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, ग्रामपंचायतीने केला असेल. मग ते फणस दाखव म्हणाले. मी फणस दाखवला. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आमचो फणस व्हाळाकडे वाकता. ह्यो रस्त्याकडे वाकलो. ह्यो भाऊचो."

कॉल बंद झाला. नेटवर्कमुळे नव्हे.

मी खंडूकडे वळले. हे तुला ठाऊक होतं का, असं विचारलं. तो म्हणाला, ठाऊक कसं नसेल, गावात कोणालाही ठाऊक आहे. मग मला सांगितलं का नाहीस? खंडू खरोखरच बुचकळ्यात पडला. "तुमी खय इचारलात? मी म्हटलां, शेरातली माणसां, भाऊंकडसून इकत घेतली आसतली." आमची जमीन कुठे आहे, ते त्याने हात करून दाखवलं. भाऊंच्या बाजूला, गडग्यापलीकडे. तिथे रान एवढं होतं की गडगाही दिसत नव्हता.

मुलुंडला आले तर बाबा खिडकीकडे पाठ करून बसलेले. शांताकाकूंनी दारातच सांगितलं, परवापासून चहा घेतलेला नाही. मी पाया पडून माफी मागितली. ते मला रागावले नाहीत, हेच वाईट झालं. भिंतीकडे बघत म्हणाले, "बावीस वर्सां मी तेच्या एका पानाक हात लावलंय नाय. आणि माझ्या सुनेन तेचां सगळां रान साफ करून दिल्यान." थोड्या वेळाने त्यांनी हॉटेलवाल्याचा नंबर मागितला. अक्षय्य तृतीयेला महिना उरला होता.

सोसायटीत बातमी माझ्या आधी पोचली होती. नितेश म्हणाला, भाऊंना नोटीस द्या, तुम्ही सुधारणा केलीय, आता अर्धी जमीन तुमची. शांताकाकू म्हणाल्या, गप बस रे, त्या माणसाकडं जाऊन सरळ चूक झाली म्हणून सांगा. मला काकूंचं पटलं. भाऊंना गावाकडून कळून त्यांनी पोलिसांत जाण्याआधी आपणच गेलेलं बरं. दिशाला घेतलं, बस धरली आणि दिंडोशीला गेले. वाटेत वाक्य पाठ केलं: काका, अनवधानाने झालं, क्षमा करा.

भाऊंनी स्वतः दार उघडलं. बाबांसारखेच कान, बाबांसारखीच पट्ट्यांची अर्धी चड्डी. मी कोण ते सांगितल्यावर बसायला सांगितलं, चहा केला, दिशापुढे बिस्किटांचा डबा ठेवला. मी वाक्य सुरू करणार तोच त्यांनी मोबाइल काढला. चूक उघडी पडल्यावर खंडूने त्यांना साफ केलेल्या जागेचे फोटो पाठवले होते. ते बोटांनी मोठे करून करून मलाच दाखवायला लागले: हे बघ, हा फणस माझ्या वडिलांनी लावलेला. हे काजू. मध्ये चष्मा काढून पुसला. त्यांनाही गावी जाऊन अकरा वर्षं झाली होती. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "गुणाजीन पाठवल्यान तुका?"

आता इथे मी नाही म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. पण त्यांचा चेहरा बघून ती तोंडातून बाहेर येईनात, म्हणून मी बिस्किट घेतलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागात पडलेलं बिस्किट.

भाऊ उठले. "तेका सांग, भाऊ कोणाचो उपकार ठेवन घेणारो न्हय."

मला वाटलं, म्हातारा माणूस, बोलायचं म्हणून बोलला. आठ दिवसांनी खंडूचा फोटो माझ्याही मोबाइलवर आला. आमची जमीन. आमची, खरी, व्हाळाला लागून असलेली. भाऊंनी जेसीबी लावून ती एका दिवसात साफ करून दिली होती. दोन्ही आंबे जागेवर होते, फणस व्हाळाकडे वाकलेला होता. मी आनंदाने फोटो बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा लावला, फोटो जवळ नेला, लांब नेला आणि विचारलं, "गडगो खय आसा?"

गडगा नव्हता. जेसीबीवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं की या दगडांवर बावीस वर्षांचं वैर उभं आहे. त्याने ते रानासोबत गोळा करून व्हाळात ढकलले होते. भाऊंच्या एका एकरापासून आमच्या एका एकरापर्यंत आता एकच सपाट, तांबडी, लख्ख जमीन होती.

बाबा म्हणाले, पुरावो नष्ट केल्यान. आणि उठून उभे राहिले. पंधरा वर्षांत त्यांना इतक्या झटक्यात उठताना मी पाहिलं नव्हतं. गुडघ्यांचं काय, असं विचारलं तर म्हणाले, गुडघे बसमध्ये बसतात. दिंडोशीला खंडूने गडगा गेल्याचं कळवलं होतं, म्हणून भाऊही निघाले होते. अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी मी बाबांना आणि दिशाला घेऊन कोळसुलीत उतरले, तर भाऊ आधीच पोचून उन्हात छत्री धरून उभे. बावीस वर्षांनंतर दोघं समोरासमोर आले आणि पहिलं वाक्य बोलले. बाबा म्हणाले, गडगो हयसर होतो. भाऊ म्हणाले, हयसर नाय, थयसर.

दोन दिवस ते दोघं त्या मोकळ्या मैदानात काठ्या टेकत फिरत होते. बाबा पावलं मोजत यायचे आणि खुंटी ठोकायचे. भाऊ उलटीकडून मोजत यायचे आणि ती उपटायचे. खंडूला विचारलं तर तो म्हणाला, माका काय ठावक, मी रान बघी होतंय, गडगो खय बघलंय. मी तालुक्याला जाऊन सरकारी मोजणीचा अर्ज केला, तातडीची फी भरली, तरी तारीख मिळाली जूनमधली.

अक्षय्य तृतीयेला चिरा ठेवायचा मुहूर्त अकरापर्यंत होता. चिरा तयार, गवंडी तयार, खड्डा खणायला गडी तयार. बाबांनी पहिली जागा दाखवली. भाऊ म्हणाले, ही माझी. बाबा दहा पावलं मागे गेले. भाऊ म्हणाले, हीसुद्धा माझी, तेव्हाचे दीड हात धर. बाबा थेट आंब्यांपाशी गेले, तर भाऊंनी आंब्यांविषयीच शंका काढली. साडेदहा झाले. मी हळूच म्हटलं, बाबा, आपण व्हाळाच्या अगदी कडेला ठेवू. बाबा म्हणाले, पावसात वाहून जाईल. पावणेअकराला त्यांनी खिशातून मोबाइल काढला. हॉटेलवाल्याचा नंबर मीच त्यात घालून दिला होता.

 तीन फेऱ्या, एक खाजकुयली, शाळेतली बोलणी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी काही बोलणार, तोच बाबांनी भाऊंच्या फणसाकडे पाहिलं. रस्त्याकडे वाकलेल्या. मोबाइल परत खिशात घातला, आणि ज्या माणसाला हॉलपासून बाथरूमपर्यंत जायला आधार लागतो तो माणूस तरातरा चालत त्या फणसाखाली गेला.

"भाऊ, ह्यो जागो कोणाचो?"

"माझो. कोणाकय इचार."

"नक्की?"

"नक्की."

"मगे हयच घालतंय चिरो. हय तरी वाद नाय."

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी खंडूकडे पाहिलं. खंडूने पिंक टाकली. आता मला तिचा अर्थ कळत होता, पण उपयोग नव्हता. भाऊ छत्री मिटून विचार करत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की काहीतरी चुकतंय हे त्यांना कळतंय, पण काय ते सापडत नाही. अकराला चार मिनिटं असताना ते म्हणाले, "घाल. पण एक खोली माझी."

"दोन बांधूचीच आसत," बाबा म्हणाले.

चिरा बसला.

आज तिथे जांभ्याच्या दोन खोल्या उभ्या आहेत, वर पत्रे आहेत. एक बाबांची, एक भाऊंची. पुढच्या पडवीचं बोलायचं तेवढं राहून गेलं, त्यामुळे ती वादात आहे आणि ताबा सुटू नये म्हणून दोघंही दिवसभर तिथेच बसून असतात. गडगा जिथे असावा त्या पट्ट्यात बाबांनी काकडी लावली. ते कळताच भाऊंनी पलीकडून दोडकी लावली. वेल एकमेकांत गेलेत. रोज सकाळी कोणती फुलं कोणाची यावर तासभर जातो. दिशा मे महिनाभर तिथेच होती. मातीत बसून दोघांना बजावत होती की भांडू नका, नाहीतर मी दोघांचंही खाईन.

मुलुंडला परत आल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजणीची नोटीस आली. मी बाबांना फोन करून तारीख कळवली.  मग आवाज खाली करून, भाऊंना ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "ती मोजणी जरा फुडे ढकल गो." मी कारण विचारलं. म्हणाले, हयसर कामां आसत.

मी तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. फोनवरच्या कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, एक पार्टी हजर नाही म्हणून तारीख पुढे जाते. दोन्ही पार्ट्या जागेवर आहेत म्हणून पुढे ढकला, हे मी पहिल्यांदा ऐकतोय. कारण काय लिहू?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, लिहा, दोन्ही खातेदारांना वाद चालू ठेवायचा आहे.

त्याने ते लिहून घेतलं, एकदा वाचून दाखवलं आणि विचारलं, किती मुदत हवी.

मी म्हटलं, जास्तीत जास्त जेवढी देता येते तेवढी द्या.